मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा उजवा पाय स्वस्थ बसलेला मी क्वचितच पाहिला. टीव्हीवर नायकाची गाडी वळणावर आली की घरातल्या फरशीवर यांचा पाय दाबला जायचा. एसटीत बसले तर पुढच्या सीटखाली तो ब्रेक शोधायचा. मास्तरीणबाई म्हणायच्या, "झोपेत पन दाबतात. पलंगाची एक फली मोडली हाय यांनी." मास्तर पनवेलात लोकांना गाडी शिकवायचे. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. त्यांचा अनवाणी उजवा पाय वर्षानुवर्षं त्यावरच राहिला होता.

मास्तर मूळचे चिरनेरचे. उरणच्या बंदरावर वीस वर्षं ट्रेलर चालवून झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि शाळा काढली. शाळा म्हणजे ती गाडी आणि मास्तर. आवाज असा की शेजारी बसलेल्याशीही खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलत. पण ओरडणं नाही. क्लास सुरू करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायला लावत, आणि आपण कंटाळून फेरी अर्धीच सोडली की म्हणत, "देवाला अर्धी प्रदक्षिना चालत नाय, गाडीला कशी चालंल?"

त्यांची खरी खोड निराळीच होती. आपल्या हातून ब्रेक लागायला उशीर झाला की ते स्वतःचा दाबत आणि मोठ्याने मोजत. "एक." थोडं पुढे गेलं की "दोन." रिक्षावाल्याला वाट द्यायची राहिली, "तीन." फेरी संपली की आकडा सांगत, "ताई, आज माजे नऊ. माजा शून्य होईल त्या दिवशी तुमची परीक्षा." भर चौकात, खिडकी उघडी ठेवून मोजत. माझा असा संताप व्हायचा की गाडी तिथेच सोडून चालत घरी जावं.

मला घाई होती. जन्मजात आहेच, पण तेव्हा कारणही होतं. आईचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून तीनदा कामोठ्याला जायचं. नवरा बोटीवर, मुलगी आठ वर्षांची. विचुंब्याच्या आमच्या नव्या बिल्डिंगपर्यंत यायला रिक्षावाले नाकं मुरडत. मिळालीच रिक्षा, तर परतीच्या प्रत्येक खड्ड्याला आई डोळे मिटून माझा हात घट्ट धरायची. दारात नवऱ्याची गाडी धूळ खात उभी, आणि मास्तर मला मोजत बसलेले.

शेवटी मी म्हटलं, "मास्तर, लोक पंधरा दिवसांत लायसन घेतात."

"घेतात ना. आनि मग आमी त्यांच्या समोरून गाडी चालवतो," ते म्हणाले, आणि बोलता बोलता दाबलाच. "पाच."

दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. रोडपालीच्या बाजूला आणखी एक शाळा होती, तिथे नाव घातलं. तिथले सर हसतमुख. काही मोजायचे नाहीत, फोनवर बोलायचे, आणि गाडी कशी अगदी लोण्यासारखी थांबायची. मला वाटलं, हात बसला. परीक्षेलाही शाळेचीच गाडी, शेजारी तेच सर. तिथेही ती सुरेख थांबली. लायसन आलं तेव्हा आईने पेढे वाटले.

एकटीने गाडी काढल्याच्या तिसऱ्या दिवशी आई शेजारी बसली होती. आमच्याच रस्त्यावर एका बांधकामापाशी डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. मला ती लांबूनच दिसली होती. आणि मी काय केलं? मी गाडी थांबायची वाट बघत राहिले. इतके दिवस सरांच्या ब्रेकवर ती आपोआप थांबत होती, तशी आताही थांबेल, असं माझ्या पायाला वाटत होतं. आई किंचाळली, मी चाक फिरवलं, ती बाई मागे कोसळली आणि गाडी रेतीच्या ढिगात घुसून बंद पडली.

बाई उठली. कोपर सोलवटलं होतं, रक्त येत होतं. मला शिव्या देईल म्हणून मी काच खाली केली, तर ती आत वाकून म्हणाली, "म्हातारी घाबरली हाय. तिला पानी द्या आधी." माझ्या हातून बाटलीचं झाकण निघेना. शेवटी तिनेच ते उघडून दिलं.

तोंड लपवतच मी मास्तरांकडे गेले. आता चार गोष्टी ऐकाव्या लागणार, म्हणून मन घट्ट केलं होतं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईला किती लागलं?"

मला नीट माहीत नव्हतं. नावही विचारलं नव्हतं.

"आधी तिला बगून या. मग गाडी."

मी गेले. तिला डॉक्टरकडे नेलं, नाव विचारलं. शेवंता. मग एकवीस दिवस पहाटे मास्तरांच्या शेजारी बसून नव्याने शिकले. आठ, सहा, सहा, पुन्हा सात. आता त्या आकड्यांचा राग येत नव्हता, भीती वाटत होती. प्रत्येक आकड्याच्या जागी मला शेवंता दिसायची. विसाव्या दिवशी एक. एकविसाव्या दिवशी कळंबोलीला जाऊन परत आलो तरी मास्तर गप्पच. गाडीतून उतरताना म्हणाले, "आज माजा पाय उपाशी रायला." मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

त्यानंतर आई चार वर्षं होती, आणि मी तिला शेवटपर्यंत स्वतः नेलं.

पुढे मास्तरांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं नव्हतं, जपून चालवा म्हटलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी शाळा बंद करून गाडी विकून टाकली. "कडेचं दिसत नाय मना. आनि मानूस कडेनीच येतो," म्हणाले. मग पुतण्याच्या हळदीला चिरनेरला जायचं होतं, तेव्हा मला फोन केला. "ताई, सोडता का?"

माझ्या गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता. पनवेल सुटेपर्यंत त्यांचा पाय खालच्या रबरी मॅटवर नुसता चाचपडत होता. गव्हाण फाटा मागे पडल्यावर त्यांनी चपला बाजूला सारल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. थोड्या वेळाने घोरू लागले. आयुष्यात मला अनेकांनी शाबासकी दिली असेल, पण त्या घोरण्याची सर एकीलाही नाही.

मास्तर गेले, त्याला आता दीड वर्ष होईल.

माझी मुलगी सध्या गाडी शिकते आहे. सरावाला मी शेजारी बसते. माझ्याही बाजूला ब्रेक नाही, तरी माझा पाय मॅट झिजवतो आणि मी मोठ्याने मोजते. खिडकी उघडी असली तरी मोजते. मुलगी चिडते. काल म्हणाली, "आई, मास्तरांसारखी मांडी कधी घालणार तू?"

म्हटलं, घालून बघू. चपला काढल्या, पाय वर घेतले. विचुंबे फाट्याच्या अलीकडे एक रिक्षा आडवी आली. मुलीने वेळेवर, व्यवस्थित गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

माझा उजवा पाय केव्हाच खाली गेला होता.