विकतचा रोबो

माझी आत्या हायस्कूलमध्ये तंत्र विषय शिकवायची. त्याआधी सहा वर्षं ती पंपांच्या कारखान्यात लेथ मशीनवर होती. मुलं तिला पाठीमागे कानसबाई म्हणत, कारण आठवीत आलेल्या प्रत्येकाच्या हातात ती पहिल्याच दिवशी एक कानस आणि लोखंडाचा ओबडधोबड तुकडा द्यायची. "याच्या सहाही बाजू काटकोनात आण, मग बोलू." महिनाभर नुसती घासाघीस चालायची. काटकोन तपासायला गुण्या लावायचा, उजेडापुढे धरायचा, फट दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये आवळायचा. पालक कुरकुरत, आम्हाला पोराला इंजिनिअर करायचंय, लोहार नाही. आत्या म्हणायची, "नुसतं सरळ झालं म्हटल्यानं सरळ होत नाही, एवढं तरी कळू दे त्याला."

ती आमच्याकडेच राहायची. बाबांची धाकटी बहीण, लग्न न केलेली. ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालणारी ही बाई कुणाचा उष्टा चमचा दिसला तरी तोंड फिरवायची. आई म्हणायची, हिच्यासारखी किळस कुणाला येत नसेल.

नवे मुख्याध्यापक आले आणि कार्यशाळेची अर्धी भिंत पडली. तिथे काचेच्या दाराची एक खोली उभी राहिली. आत चार चकचकीत यंत्रं होती, प्लास्टिकच्या वस्तू छापणारं एक, लाकूड कापणारं एक, आणि चारही झाकणाखाली. पाहुणे आले की झाकणं निघत, पाहुणे गेले की चढत. मुलांना आत फक्त फोटोसाठी नेत. कार्यशाळेतली जुनी लेथ मात्र भंगारवाल्याला दिली. दारातून अख्खी निघेना, म्हणून त्याने घणाचे घाव घालून तिचे तुकडे केले. आत्या नववीच्या वर्गाला शिकवत होती. ती म्हणाली, प्रत्येक घावाला फळ्यावरची माझी रेघ वाकडी येत होती.

त्याच वर्षी दहावीत एक मुलगी होती, तिला सगळे भोंगा म्हणत. तिच्या घरची पाण्याची टाकी रोज भरून वाहायची, म्हणून तिने एका जुन्या डब्यात भोंगा बसवला होता. टाकी भरली की तो असा बोंबलायचा की अख्खी गल्ली दारात यायची. आत्याचा या मुलीवर फार जीव. आंतरशालेय प्रदर्शनासाठी आत्याने तो डबाच नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय? डब्याला वायरी गुंडाळल्यात," ते म्हणाले.

"चालतं ते, सर. तिनं स्वतः केलंय."

"चालत असेल हो. पण दिसत नाही ना काही." आणि त्यांनी टेबलाखालून एक खोकं काढलं.

खोक्यात कचरा उचलणारा रोबो होता. प्रदर्शनांसाठी तयार वस्तू विकणारं एक दुकान होतं, तिथून आणलेला. सोबत पाठ करायचं भाषणही छापून दिलेलं. रोबोच्या पाठीवर दुकानाची चिठ्ठी घट्ट डकवलेली होती.

"बाई, एवढी चिठ्ठी काढा तेवढी. ओरखडा उठता कामा नये. तुमचा हात साफ आहे."

आणि आत्याने ती काढली. थिनरचा बोळा फिरवून, ब्लेडने, कडेकडेने. का काढलीस, असं मी तिला पुढे एकदा विचारलं. "पाच मिनिटांचं काम होतं गं," ती म्हणाली. "पाच मिनिटांच्या कामाला नाही म्हणायचं सुचतच नाही माणसाला."

प्रदर्शनाच्या पहिल्या फेरीत भोंगा रोबोच्या टेबलामागे उभी राहिली आणि घडाघडा बोलली. "माझी आजी अंगण झाडताना कमरेत वाकायची. ते बघून मला ही कल्पना सुचली." इथे तिचा आवाज भरून आला, डोळे पाणावले. परीक्षकांनी माना हलवल्या. तिची आजी तिच्या जन्माआधीच वारलेली, हे आत्याला ठाऊक होतं. आवाज भरून येण्याची जागा छापील भाषणात कंसात दिलेली होती, हेही ठाऊक होतं. पहिला नंबर आला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आत्याही होती.

त्या दिवशी घरी येऊन ती न्हाणीघरात शिरली आणि बराच वेळ हात घासत राहिली. आईने ताट वाढलं, तर नुसती बघत बसली.

"बरं नाही का?" आईने विचारलं.

"वहिनी, बोटं अजून चिकट लागतात."

"चिठ्ठी काढून तीन आठवडे झाले की."

"पोरगी किती छान खोटं बोलली माहितीये? पापणीसुद्धा लवली नाही. माझ्याकडे बघून हसली वर. मी शिकवलेली पोरगी." तिने ताट सारलं. "मला माझीच शिसारी येतेय."

दुसऱ्या फेरीत एक वयस्कर परीक्षक आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी रोबो दोनदा चालवून पाहिला. "हा दर वेळी डावीकडेच वळतो. उजवीकडे वळवायचा तर काय बदलशील?"

छापील कागदात हा प्रश्न नव्हता. भोंग्याने आत्याकडे पाहिलं. मुख्याध्यापक आत्याच्या कानाशी कुजबुजले, "सांगा ना काहीतरी."

"विकत आणलाय हा," आत्या मोठ्याने म्हणाली. "तिनं बनवला नाही, मी शिकवला नाही. दुकानाची चिठ्ठी मात्र मी काढली."

शेजारच्या टेबलांवरची मुलं वळून बघायला लागली. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक. परीक्षकांनी चष्मा खाली घेतला, आत्याच्या जवळ सरकले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, सगळेच आणतात. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं." हातातल्या कागदावर काहीतरी खरडून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी रोबोला तिसरा क्रमांक मिळाला.

मंचावरून मार्गदर्शक शिक्षिका म्हणून आत्याचं नाव पुकारलं, तेव्हा ती मैदानाच्या कडेला नळापाशी ओणवी झाली होती. तिला खरंच उलटी झाली. तिच्या वतीने हारतुरे मुख्याध्यापकांनीच घेतले.

दुसऱ्या दिवशी भोंगा कार्यशाळेत आली. "बाई, तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत."

"तू खोटंच बोलत होतीस. मीही."

"मग आधीच नाही का म्हणायचं? चिठ्ठी तुम्ही काढलीत. मला बोलायला उभं तुम्ही केलंत. माझा डबा सरांच्या टेबलावरून परत कुणी नेला? मला विचारलं का कुणी?"

"माझं चुकलं, बाळा," आत्या म्हणाली. त्यानंतर पोरगी वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागली आणि वर्ष संपेपर्यंत आत्याशी एक शब्द बोलली नाही.

आत्याने संस्थेला पत्र लिहिलं, स्वतःच्या चुकीसकट सगळं. उत्तरात शाळेची बदनामी केल्याबद्दल समज देणारं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी तिचे तंत्राचे निम्मे तास काढून तिला मूल्यशिक्षणाचे दिले. हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्या हसली नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला ती मुलांना घरातली बिघडलेली इस्त्री, पंखा, रेडिओ आणायला सांगायची आणि सगळे मिळून ते उघडून बसायचे. त्या तासाला पाहुणे कधी आणले जात नसत, त्यामुळे तो सुखरूप राहिला. पण शाळेत शिरताना काचेच्या खोलीवरून जावं लागे, तेव्हा ती पदर नाकाला लावायची. घाण कसली, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला येत नाही? मग मुकाट चला."

तीन वर्षांनी भोंग्याचे वडील आमच्या घरी आले. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, आणि त्यात रोबोच्या पहिल्या नंबरच्या या प्रमाणपत्राचा उपयोग झाला, असं म्हणत त्यांनी पिशवीतून काचेत जडवलेला कागद काढला. खाली मार्गदर्शक म्हणून आत्याची सही होती. पहिल्या फेरीनंतर तिनेच केलेली.

"कशी आहे ती?" आत्याने विचारलं.

"मजेत! तिथं तर म्हणे प्रोजेक्ट अगदी तयार मिळतात. कॉलेजच्या दारातच दुकान आहे. काही त्रासच नाही पोरांना."

आत्याने त्यांना बसा म्हटलं नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली. ते बराच वेळ एकटेच मुलीचं कौतुक सांगत उभे राहिले. शेवटी आईनेच त्यांना निरोप दिला आणि दार लावून घेतलं.