शिवू नका

शाळेत मी विज्ञान शिकवायचे आणि रविवारी खटपटखोली उघडायचे. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. धसईजवळच्या आमच्या गावात, शाळेमागच्या जुन्या गोदामात, मुंबईच्या एका संस्थेने हत्यारं, टेबलं, मोटारी, वायरी असं सगळं आणून दिलं होतं. कुणीही यावं, मोडलेलं उघडून बघावं, जमलं तर नीट करावं. पोरं यायची, डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं बंद पडलेल्या बॅटऱ्या घेऊन यायची, बायका शिलाई मशीनसाठी यायच्या. खोली सगळ्यांची आहे, असं मी येईल त्याला ठासून सांगायचे. सांगायला माझं काय जात होतं?

बौद्धवाडीतली एक बाई एकही रविवार चुकवायची नाही. पस्तिशीच्या आतबाहेरची. साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती, त्यामुळे दिसेल ते वाचायची. एसटीची पाटी, औषधाचं खोकं, स्क्रूच्या डब्यावरची चिठ्ठी, काही सोडायची नाही. एकदा खोलीतलं शिलाई मशीन टाके सोडतं म्हणून मी तीन आठवडे डोकं फोडत होते. तिने वाकून बघितलं आणि सांगितलं, सुई उलटी बसलीय. ती बसवली होती बीएस्सी झालेल्या मी! सगळे हसले, मीही हसले, पण जरा झोंबलंच.

पुढे संस्थेने कळवलं की एका बाईला दोन महिने पुण्याला मोटर वाइंडिंग शिकायला पाठवायचंय, आणि परत आल्यावर खोली तिनेच पगारावर सांभाळायची. मी तिचं नाव सुचवलं. तिला सांगितलं तेव्हा ती हातातला पाना पुसतच राहिली. घरी विचारते, पुढच्या रविवारी सांगते, म्हणाली. ती मशीनवरून उठल्यावर गावातल्या एकीने स्टूल पदराने पुसलं, मग त्यावर बसली. मी ते पाहिलं. तिनेही पाहिलं. एरवी माझं तोंड मिटता मिटत नाही. त्या वेळी मी उगाच वाद नको म्हणून मिटलं.

शनिवारी शाळेतल्या पोरांना घेऊन मी त्याच मशीनला मोटर जोडली आणि सगळ्या लोखंडाला करंट यायला लागला. वायर काढून ठेवली. तरी कुणी जोडून शिवायला बसेल, या भीतीने मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'शिवू नका' लिहिलं, मशीनला अडकवलं आणि रविवारी सकाळी अर्थिंगसाठी तीन पिनांचा प्लग आणायला मुरबाडला गेले. परत आले तेव्हा शिपायाने सांगितलं, ती आली होती, मशीनपाशी जरा उभी राहिली आणि गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला राग आला. एवढं नाव पुढे केलं, साधा निरोप द्यायची रीत नाही? दैव देतं आणि कर्म नेतं, असं शिपायासमोर बोलून मोकळी झाले. बौद्धवाडी तिथून दहा मिनिटांवर. मी गेले नाही. खरं सांगायचं तर तोवर मी त्या वाडीत एकदाही गेले नव्हते. पुण्याला दुसरीला पाठवलं.

वर्षभराने धसईच्या बाजारात ती दिसली, पुढ्यात वांगी आणि काकड्या मांडून. मी माझ्या सवयीने टोमणा मारलाच, की आम्हाला विसरलीस वाटतं. तिने वर बघितलं.

"तुमी पाटी लावलीवती ना बाई. मी वाचली."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. शिवणं म्हणजे शिलाई, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या घराण्यात कुणाला कधी सोसावाच लागला नव्हता. मी भरभर सांगत सुटले, करंट, मोटर, प्लग. तिने सगळं ऐकून घेतलं. मशीनला करंट कसा येतो हे तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं असणार.

"बरं," ती म्हणाली. "मंग मी यायची बंद झाले, तर इचारायला का नाय आलात?"

"वेळच नाही मिळाला गं," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला काकडीचा भाव सांगितला.