मास्तरांचा डावा पाय

पुलाखालच्या वस्तीत ज्यांना सगळे मास्तर म्हणत ते शाळेतले मास्तर नव्हते, कपडे शिवणारे होते. रस्त्याच्या कडेला एक दार नि एक खिडकी एवढंच दुकान. आत पायाने चालवायचं जुनं मशीन, भिंतीला टेकलेले कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर गिऱ्हाइकं कमी, गप्पा मारणारेच जास्त. मास्तरांच्या जिभेला हाड नव्हतं, पण विषही नव्हतं. माप घेता घेता कंबर वाढल्याची बातमी ते अशा बेताने सांगत, की ज्याची वाढली तोच आधी हसे.

पूल ओलांडला की वरची वस्ती, इमारतींची. दवाखाना मात्र दोन्हीकडच्यांना एकच, पुलाच्या तोंडाशी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास हाती घेतला होता. वरच्या माणसांच्या रक्तातली साखर साध्या तपासणीत वेळेवर सापडते. खालची माणसं येतात ती डोळा अधू झाल्यावर, नाहीतर पाय काळा पडल्यावर. औषधं तीच, दवाखाना तोच, मग असं का? हे कळायला दारोदार जाऊन लोकांशी बोलायचं होतं आणि जमलं तर बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा होता. पण दवाखान्यातल्या सिस्टरना खालच्या वस्तीत निम्म्या दारांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तेव्हा कुणीतरी सुचवलं, मास्तरांना बरोबर घ्या.

मास्तरांना ते मानाचं वाटलं. दुकान बायकोवर सोपवून ते दुपारचे सिस्टरबरोबर फिरू लागले. "साखर डब्यात शोभते, रक्तात नाही," असं म्हणत ते बिनदिक्कत आत शिरत आणि बसायला जागा मागत. मंडईतला हमाल काही केल्या बोट पुढे करेना.

"मला काही झालेलं नाही. उगाच टोचून घ्यायचं आणि शंका पाठीशी लावून घ्यायची," तो म्हणाला.

"अरे, पाठीवर एवढाली पोती घेतोस, आणि एक शंका जड झाली होय?"

हमालाची बायको आतून खुदकन हसली, आणि हमालाने बोट पुढे केलं. साखर बरीच निघाली. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात त्याला हुशारी वाटू लागली. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगे, मास्तरांनी मला वाचवलं. दवाखान्याच्या भिंतीवर मास्तरांचा हसरा फोटो लागला, खाली लिहिलेलं, 'तपासणीची लाज कसली?'

स्वतः मास्तरांनी मात्र थेंब दिलेला नव्हता. पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, "सुरुवात तुमच्यापासून करू." आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "माझं झालंय, वरच्या बाजूला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे. एकदम ठणठणीत." असे कुणी ओळखीचे डॉक्टर नव्हते. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलंही नव्हतं. पण एकदा बोलून गेल्यावर ते सांभाळणं आलं.

पुढे एकदा सिस्टर तपासणीची पिशवी दुकानात ठेवून शेजारच्या घरी गेल्या होत्या. मास्तरांनी दार लोटलं आणि स्वतःच्या बोटाला सुई लावली. आकडा उमटला. असा आकडा आला की ते लोकांना काय सांगत, ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी बोट पुसलं, यंत्र होतं तसं ठेवलं आणि दार उघडून कात्री हातात घेतली. आता सांगायचं तर कुठल्या तोंडाने? ज्याचा फोटो लावला तोच खोटारडा निघाला म्हणतील. आणखी थोडे दिवस जाऊ देत, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि ते थोडे दिवस लांबत गेले.

आधी पायाला मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. मशीनच्या पायट्यावर डावं पाऊल कापसात गुंडाळल्यासारखं वाटे. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, अशी त्यांनी समजूत करून घेतली. मग एका सकाळी मोज्याला डाग दिसला. त्या दिवसापासून मास्तर घरातही बूट घालू लागले.

"घरात बूट घालून कोण हिंडतं?" बायकोने विचारलं.

"फरशी गार लागते."

"उन्हाळ्यात?"

"तुला काय करायचंय, तुझं तू बघ ना," ते खेकसले. त्या घरात कधी कुणी असं बोललं नव्हतं. त्या रात्रीपासून ती अंथरूण हातभर लांब घालू लागली. तिला वास येत होता हे मास्तरांना समजलं. दुकानात ते फरशीवर फिनेल शिंपडू लागले.

वर्ष संपत आलं तसं डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात सभा घेतली. खालची माणसं आली, वरचीही आली. काय आढळलं ते बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. खालची माणसं उशिरा येतात, कारण दवाखाना कामाच्या वेळेत उघडा असतो, कारण आजाराची माहिती नसते. मग त्या म्हणाल्या, "आता मास्तर दोन शब्द बोलतील."

मास्तर उभे राहिले. सुरुवात झकास झाली, लोक हसले. तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेला हमाल वाकून खाली बघू लागला.

"मास्तर," तो काळजीने म्हणाला, "तुमच्या बुटातून काय गळतंय?"

सगळ्यांच्या माना खाली वळल्या. पांढऱ्या फरशीवर तांबूस ओल पसरली होती. मास्तर म्हणाले, "पाणी असेल." पण हमाल उठून आला होता. त्याने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बुटाची नाडी सोडली. मास्तर दोन्ही हातांनी बूट धरून राहिले. "राहू दे रे. इथे नको," ते पुटपुटले. बूट निघाला तसा पहिल्या दोन रांगांतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले.

सिस्टरनी आडोसा करून मोजा कापला. अंगठ्याच्या खाली जखम होती, आणि जखमेत मशीनच्या सुईचं मोडकं टोक. केव्हा शिरलं ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. माणसं काळजीने जवळ आली होती, मास्तरांना मात्र एकच वाटत होतं, यांनी माझ्याकडे बघू नये. मागून कुणीतरी हळूच बोललं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं बोललं नाही, गरजच नव्हती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठ्या हॉस्पिटलात डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. वस्तीतलं कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घेत. हमाल दोनदा येऊन उशाशी बसून गेला, दोन्ही वेळा ते जागे होते.

बायकोने काही दिवस काही विचारलं नाही. एका दुपारी त्यांचं तोंड पुसता पुसता ती म्हणाली, "अहो, अख्ख्या वस्तीच्या दारात गेलात. आपल्याच दारात येऊन मला सांगायचं जमलं नाही?"

मास्तरांना रडू आलं. तिने रडू दिलं, समजूत काढली नाही.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सिस्टरही बरोबर होत्या. सिस्टरच आधी बोलल्या. "वर्षभर मी तुमच्या शेजारून चालले. तुम्ही पाय ओढत होता, मी बघत होते. दारोदार लोकांना पाय दाखवा म्हटलं, तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. तुम्ही आमच्यातले झालात ना."

बाईंनी विचारलं, "मास्तर, माहिती तुम्हाला होती. वेळही होता. मग का?"

मास्तर पुष्कळ वेळ चादरीची शिवण चाचपत राहिले. मग आपल्या थोरल्या बहिणीबद्दल बोलले. ती लोकांकडे धुणीभांडी करायची. तिला साखर होती. एकदा तिच्या गोळ्या चुकल्या, म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी भरल्या रांगेत तिला फैलावर घेतलं. खाताना कळत नाही का, तुम्ही लोक सुधारणार नाही, असं बरंच काही. ती मान खाली घालून ऐकत होती आणि हसत होती, कारण रांगेतले काही जण हसत होते. मास्तर तेव्हा तिच्या चपला धरून दाराशी उभे होते. परत ती कुठल्याही दवाखान्याची पायरी चढली नाही. शेवटी तिला दिसत नव्हतं.

"मी पुढे जाऊन काही बोललो नाही," मास्तर म्हणाले. "मलाही तिची लाज वाटली होती. वरच्यांना झालं की आजार म्हणतात, मॅडम. आम्हाला झालं की वागणूक काढतात. आणि आम्हालाही ते खरंच वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "मीही कधीकधी तशी बोलते," त्या म्हणाल्या. "घाईत असले की."

पुढे दवाखान्यात थोडं बदललं. तपासणी रांगेत न होता आतल्या खोलीत, दार लावून होऊ लागली. भिंतीवरचा फोटो मास्तरांच्याच सांगण्यावरून उतरवला. बाईंनी अभ्यासाचा दुसरा भाग सुरू केला, त्यात माणसांना विचारायचं होतं, दवाखान्यात तुमचा कधी अपमान झाला का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बहुतेकांनी नाही म्हणून सांगितलं.

मास्तरांनी मशीनला मोटर बसवून घेतली आणि दुकान उघडलं. सिस्टरबरोबर दारोदार फिरायचं त्यांनी टाळलं, पण हमालाने पिच्छा पुरवला तेव्हा निघाले, काठी घेऊन. आता ते विनोद करत नसत. घरात शिरून दार लोटून घेत आणि सांगत, "मी तुमच्याशी खोटं बोललो होतो." काही जण हे ऐकून आपलं पाऊल पुढे करत. काही जण तोंडावर हसत. एका म्हातारीने तर, तुमचं ऐकून आमचं काय भलं होणार, असं म्हणून वाटेला लावलं. मास्तर निमूट पुढच्या दाराशी गेले.

रोज दिवेलागणीला बायको त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन तळवा बघते, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवते, कुठे लाल दिसलं तर सांगते. मास्तर पाऊल देतात. पण ती बघत असते तोवर त्यांची मान दुसरीकडे वळलेली असते, आणि तीही त्यांना इकडे बघा म्हणत नाही.