सहीआधीचे तीन ठोके

अन्याय झाला तो हसनचाचा परकारांवर. गेल्या वर्षी, रमजान लागायच्या आदल्या गुरुवारी, सकाळी साडेनऊला, मस्कतमधल्या एका सरकारी खिडकीसमोर. वनतज्ज्ञाच्या परवान्यासाठीचा त्यांचा अर्ज त्या खिडकीतून परत आला. तो कुणामुळे परत आला हे सांगायला मी पाच आठवडे टाळाटाळ केली. पाच आठवड्यांपूर्वी खाबुऱ्याच्या रोपवाटिकेतून त्यांच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, फोन आला. "हसन खलास," एवढंच म्हणाला तो, आणि मग एवढा मोठा माणूस फोनवर रडायला लागला. दुपारच्या, असरच्या नमाजानंतर रोपांना पाणी देता देता चाचा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्यांची माझी ओळख दसऱ्याची. मस्कतजवळ अल अमेरातला आमच्या इमारतीमागे गाफचं एक जुनं झाड आहे. गाफ म्हणजे आपली शमीच, हे इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी शोधून काढलं आणि तेव्हापासून आम्ही तिथे पूजेला जमतो. मी फांदी मोडायला हात वर केला, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गो, परवाना हाय काय तुज्याकडं?" पांढरी दाढी, मातीने माखलेली सँडल. आमच्या बागेला रोपं पोचवायला आले होते. मी तावातावाने म्हटलं, "चाचा, आमचा सण आहे." ते म्हणाले, "सण तुमचा. हात त्याचा मोडतोय." मग त्यांनी खाली पडलेल्या डहाळ्या गोळा केल्या, झटकल्या आणि आमच्या ताटात ठेवल्या.

रत्नागिरीकडे बारा वर्षं वनरक्षक होते ते. इथे कार्डावर हुद्दा शेतमजूर. बिल्डर, बागवाले, कंपन्या त्यांना गाडीत घालून झाड दाखवायला न्यायच्या. चाचा पिशवीतून लाकडी मोगरी काढायचे, खोडाच्या चारी बाजूंनी तीन-तीन ठोके द्यायचे आणि कान लावायचे. पोकळ कुठे, कीड कुठे, मूळ कुठल्या बाजूने सुटलंय, सगळं सांगायचे. अहवालाखाली सही मात्र परवानावाल्याची. मी भडकायचे. ते म्हणायचे, "परवाना हवाच गो. झाड तोडा सांगायचा हक्क काय कुणालापण द्यायचा? फक्त माजी परीक्षा घ्या म्हणावं. कागदावर नको, झाडाखाली घ्या." तशी वाट गेल्या वर्षी सरकारने खरंच उघडली. पदवी नसली तरी अनुभव दाखवा, झाडाखाली परीक्षा द्या. साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस वहीत अरबी नावं घोकायला लागला. हवं काय होतं? एका तरी अहवालाखाली स्वतःचं नाव.

त्याच सुमाराला आमच्या गाफवर कुऱ्हाड आली. बिल्डरला तिथे पार्किंग हवं होतं. अहवाल तयार होता, "झाड मृत". सही करणारा तज्ज्ञ गाडीतून उतरलाही नव्हता, काच खाली करून त्याने फोटो काढला, मी गच्चीतून बघत होते. मी चाचांना बोलावलं. त्यांनी ठोके दिले, एक बारीक डहाळी नखाने खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत हाय. पाणी तुटलंय म्हणून पानं टाकलीत त्यानं." मी पत्रक लिहायला बसले. "वनतज्ज्ञ नको लिहू," चाचा म्हणाले, "परवाना आला की लिही. हसन लिही नुसतं." पण पत्रक कसं लिहायचं ते मला ठाऊक होतं ना! नुसत्या हसनचं कोण ऐकणार? ठळक अक्षरांत छापलं... वनतज्ज्ञ हसन परकार यांचा निर्वाळा.

त्या गुरुवारी मीच त्यांना गाडीने घेऊन गेले. अधिकाऱ्याने अर्ज उघडला आणि त्यावर माझं पत्रक ठेवलं. बिल्डरच्या माणसांनी आधीच पोचवलं होतं. "परवान्याआधी हुद्दा वापरलात. आता दोन वर्षं अर्ज करता येणार नाही. हे तुम्ही छापलंत?" मी तोंड उघडलं आणि काउंटरखाली चाचांनी माझ्या पायावर आपली सँडल दाबली. हिंदीत म्हणाले, "साहेब, नाव माझं आहे. मत पण माझंच आहे. नियम बरोबर आहे." मग थांबून, "पण झाड जिवंत आहे. माझा अर्ज बाजूला राहू दे, कुणाला तरी बघायला पाठवा." स्वतःसाठी एक शब्द नाही!

आणि मी? गप्प राहिले. पाय दाबला होता, जीभ नव्हती दाबली.

पुढच्या आठवड्यात एक परवानाधारक तरुण आला. झाडाभोवती फिरला, मग चाचांपुढे हात पसरून त्याने मोगरी मागितली. चाचांनी त्याचा हात धरून कुठे ठोकायचं ते दाखवलं. अर्धा तास दोघं खोडाला कान लावून उभे. मला दूरवर रस्त्यावरच्या गाड्यांखेरीज काही ऐकू येत नव्हतं, आणि ती दोन माणसं मान डोलावत होती, आत कुणी बोलत असल्यासारखी. गाफ वाचला. अहवालाखाली सही त्या तरुणाची. परतताना मी गाडीत रडले, तर म्हणाले, "यल्ला, चालव नीट. दोन वर्षं काय, आत्ता जातील. इन्शाल्ला." ते गेले तेव्हा एकच वर्ष झालं होतं.

अर्बाबने मला चाचांची मोगरी दिली. दांडा त्यांच्या अंगठ्याच्या जागी झिजलाय, माझा अंगठा त्या खळगीत पुरा मावतो आणि तरी जागा उरते. काल ती घेऊन मी गाफला तीन ठोके दिले. मला अजून काही कळत नाही. डहाळीला मात्र पालवी आहे.

हे वाचणाऱ्यांत सही करणारे पुष्कळ आहेत. इंजिनीयर, सल्लागार, सोसायटीचे सेक्रेटरी. तुमच्या टेबलावर आज एखाद्या झाडाचा कागद असेल, तर पेन खाली ठेवा. उठा, त्या झाडापर्यंत चालत जा, आणि ज्याने ते पारखलं त्या माणसाचं नाव, त्याला विचारून, तुमच्या सहीच्या वर लिहा.