क्लचवरचा पाय

पनवेलमध्ये तसली गाडी माझ्या एकट्याकडेच आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची जपानी गाडी. कुणीतरी परदेशातून कायमचं परतताना ती सोबत आणली होती आणि चार-पाच हातांतून फिरत, रंग उडवून घेत ती माझ्यापर्यंत पोहोचली. नव्या लहान गाडीपेक्षाही स्वस्त पडली. मी कळंबोलीत एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे नोकरी करतो. दिवसभर ट्रकांवर सळ्या चढताना बघतो. तो खणखणाट डोक्यात घेऊन संध्याकाळी त्या गाडीत बसलो, की रस्ता हाताला लागेल इतका जवळ यायचा आणि मला बरं वाटायचं. याहून नीट मला सांगता यायचं नाही. बायको म्हणायची, ‘‘मागच्या सीटवर भाजीची पिशवीसुद्धा अंग चोरून बसते. कशाला घेतलीत?’’

एकदा जुन्या पुणे रस्त्यावरच्या पंपावर माझ्या मागे तशीच गाडी येऊन थांबली. माझी काळी, ती पांढरी. तिच्यातून पन्नाशी ओलांडलेले, आखूड दाढी ठेवलेले एक गृहस्थ उतरले. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ माझ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला.

‘‘घाटात तापते का रे ही?’’

‘‘तापते.’’

‘‘मग हीटर सुरू करायचा. इंजिनाची गरमी आत येते. आपण उकडायचं, तिला थंड ठेवायचं.’’

त्यांची सगळी गल्ली त्यांना भाई म्हणायची, मीही म्हणायला लागलो. तरुणपणी ते आखातात गेले होते. तिथे एसी दुरुस्त करायचे. ज्या इमारतीत आठ-आठ जण एका खोलीत राहायचे, तिच्याखाली कुणा साहेबाची अशी पांढरी गाडी उभी असायची. जेवणाचा डबा घेऊन ते खाली तिच्याजवळ जाऊन बसायचे. परत आल्यावर जुन्या पनवेलमध्ये त्यांनी टाइल्सचं दुकान टाकलं, आणि पुढे कधीतरी तसलीच गाडी, तोच रंग, अर्ध्या गंजलेल्या अवस्थेत त्यांना मिळाली.

आमचे रविवार ठरून गेले. सकाळी दोन्ही गाड्या काढायच्या, गोवा रस्त्याला लागायचं, कर्नाळ्याची वळणं घेत पेणपर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. चहात साखर नको असं भाई टपरीवाल्याला मोठ्याने सांगायचे आणि मग माझ्यासमोरच दोन खारी नि एक नानकटाई संपवायचे. साखरेचा आजार फार वर्षांपासून होता. पायाला मुंग्या येतात म्हणायचे, पण ते असं, की जणू शेजाऱ्याच्या पायाबद्दल बोलतायत.

गाडी चालवताना ते चपला काढून ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘नवी गाडी माणूस चालवतो. ही अंगात घालतो. कुणी बूट घालून बनियन घालतो का?’’ उदाहरण काही नीट जमलं नव्हतं. आम्ही दोघंही हसलो. पण मला कळलं होतं. या गाडीत काही लपून राहत नाही. खडा चाकाखाली आला तर तो पाठीला कळतो. गिअर नीट बसला की मनगटाला कळतं. नव्या गाड्यांत हे सगळं कुठेतरी वाटेत गिळलं जातं.

त्या मे महिन्यात माणगावला एकाकडे आमच्या गाडीचे काही जुने भाग आहेत असं कळलं. आम्ही दोघं भाईंच्या गाडीतून निघालो. सायलेन्सरच्या नळीवर एक पातळ पत्रा असतो, नळीची धग गाडीच्या तळाला लागू नये म्हणून. त्यांच्या गाडीतला तो सैल होऊन सारखा वाजायचा. आवाज सहन होईना म्हणून त्यांनी तो आदल्या आठवड्यात काढून टाकला होता. पायाखालची मॅट कुबट वास मारत होती, तीही गच्चीवर वाळत होती.

रस्त्याचं काम चालू होतं. ट्रकांच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आम्ही सरकत होतो. इंजिन तापलं, भाईंनी हीटर सुरू केला. आम्ही दोघं घामाने भिजलो आणि त्यांना त्याची गंमत वाटत होती. डावा पाय क्लचवर, टाच खाली टेकलेली, गिअरच्या बाजूच्या फुगवट्याला चिकटून. त्या फुगवट्याखालूनच नळी जाते.

कोलाडच्या पुढे एका हॉटेलाशी थांबलो. भाई तसेच अनवाणी उतरले आणि चालत आत गेले. मी मागून येत होतो. फरशीवर मला ओले ठसे दिसले. एकाच पायाचे. मला वाटलं पाणी सांडलंय. मग दिसलं, की ठसे त्यांच्या मागोमाग टेबलापर्यंत गेलेत आणि त्यांचा रंग पाण्याचा नाही.

‘‘भाई, पायाला काय झालं?’’

‘‘कुठे काय?’’

त्यांनी पाय गुडघ्यावर घेऊन टाच वळवून पाहिली. टाचेचं कातडं सुटून लोंबत होतं. आतलं पांढरं दिसत होतं. हॉटेलातला पोऱ्या पाणी ठेवता ठेवता मागे सरला. भाई बराच वेळ त्या टाचेकडे बघत राहिले. मग बोटाने दाबून पाहिलं.

‘‘काही लागत नाही रे,’’ ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी आधी ऐकला नव्हता.

परत येताना गाडी मी चालवली.

पनवेलच्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारलं, कशाने भाजलं. गाडीने, असं भाई म्हणाले. अपघात झाला का? नाही, चालवत होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पायातली जाणीव कधीच गेली होती, हे त्या दिवशी कागदावर लिहिलं गेलं, इतकंच. जखम भरेना. आधी दोन बोटं काळी पडली, ती काढली. मग पाऊल. पावसाळा संपेपर्यंत डावा पाय गुडघ्याखाली संपला होता.

इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी भाभींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसवर दूध होतं, त्याच्याकडे बघतच त्या म्हणाल्या, ‘‘ती गाडी घेऊन जा. कुठेही न्या. मला खिडकीतून ती दिसायला नको.’’

बाहेर आलो तर भाई पलंगावरून म्हणाले, ‘‘काय म्हणते ती, मला माहीत आहे. ने तू. पण आधी एकदा मला बसव.’’

ती गाडी माणसाला आत घ्यायला बनलेलीच नाही. आधी वाकायचं, मग मागे पडायचं, मग पाय उचलून घ्यायचे. मी त्यांना काखेत धरून खाली सोडलं. ते वजनाने निम्मे झाले होते. भाभी दारातून आत निघून गेल्या.

करंजाडेच्या बाजूचे रस्ते रुंद, बऱ्यापैकी रिकामे. तिकडे नेली. भाई शेजारी बसून समोर बघत होते. मी गिअर बदलायला हात नेला आणि माझी नजर खाली गेली. पायजम्याची डावी बाजू दुमडून नाडीने बांधली होती. मी क्लच दाबला तशी ती गुंडाळी खाली गेली. सोडला तशी वर आली. पुढच्या गिअरला पुन्हा तसंच. मी मुद्दाम उशीर करून पाहिला. माझ्या आधी त्यांचा दाबून झाला होता.

‘‘लागतो,’’ भाई म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘क्लच. होता तेव्हा काही कळत नव्हतं रे पायाला. आता तो नाही, तर सगळं कळतंय. बोटंसुद्धा. अंगठा कुठे आहे ते सांगू शकतो मी तुला.’’

ते रडत होते, पण आवाज करत नव्हते. त्या रस्त्याला आम्ही बऱ्याच फेऱ्या मारल्या. थांब म्हणेपर्यंत मी गिअर बदलत राहिलो.

गाडी मी माझ्याकडे नेली, पण दोन गाड्या ठेवायला मला जागा नव्हती, आणि विकायची तर घेणार कोण? शेवटी भाईच म्हणाले, ‘‘तुझ्या गाडीला लागेल ते काढून घे. बाकीची कळंबोलीला दे. माझ्यासमोर कर मात्र.’’ आम्ही तिला भंगारवाल्याकडे नेलं. भाई खुर्चीवर बसले होते. गिअरबॉक्स, दिवे, दोन्ही दारं सुटेपर्यंत ते सूचना देत होते, कुठला बोल्ट उलट्या आट्याचा आहे ते सांगत होते. कटर सुरू झाला तेव्हा म्हणाले, ‘‘चल.’’ रिक्षात बसल्यावर त्यांनी मला दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. मी हूं हूं करत राहिलो. ती गोष्ट मला आता आठवत नाही.

पुढे मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा भाभी त्यांना यंत्रावर न्यायच्या. मी जायचो तेव्हा ते पाण्याबद्दल बोलायचे. मोजूनच पाणी मिळायचं त्यांना. गाडीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. थंडीत एका दुपारी यंत्रावरच ते गेले. जनाज्याला मी खांदा दिला. लांबवर चालत गेलो होतो सगळे, आणि मला एकसारखं वाटत होतं, की वजन एका बाजूला कमी लागतंय. तसं काही नसेलही.

नंतर काही दिवसांनी भाभींना भेटायला गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘ती गाडी नसती तर अजून काही वर्षं राहिले असते.’’

मी मान खाली घातली.

‘‘आणि ती नसती,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर परदेशातून आले तेव्हाच गेले असते. तुम्ही पाहिलं नाही त्यांना तेव्हा. सकाळी उठून भिंतीकडे तोंड करून बसायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. मुलांशी नाहीत. मग ती खटारा गाडी आणली, आणि त्या दिवशी संध्याकाळी ग्रीसच्या हातांनी माझ्याकडे चहा मागितला. परत आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी काय बोलू आता तिला?’’

चहा आला. आम्ही तो प्यालो.

माझी गाडी अजून आहे. रविवारी कर्नाळ्यापर्यंत जातो, एकटा. बायकोने ती विका म्हणणं सोडून दिलंय. भाभींकडे ईदला जातो, अधूनमधून एरवीही. पण गाडी त्यांच्या गल्लीत नेत नाही. तिचा आवाज त्यांना घरात बसूनही ओळखू येईल. मी ती नाक्यावर लावतो आणि तिथून चालत जातो.