नसेल दाबला ब्रेक

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येईल. बहिणीला सांगायचं म्हणून दोनदा फोन लावला — दोन्ही वेळा तिच्या मुलांच्या परीक्षेचं विचारलं आणि ठेवून दिला. चार वर्षं झाली. जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण जे झालं ते तसं झालं नव्हतं, हे फक्त मला माहीत आहे.

मी महाडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझे मिस्टर, दत्ताराम, वीज कंपनीत वायरमन आहेत. म्हणजे कागदावर अजून वायरमनच आहेत. काम मात्र तक्रारींचा फोन उचलण्याचं करतात. मी त्यांना अहो म्हणते, त्यामुळे इथंही ‘हे’ असंच येईल, समजून घ्या.

हे मूळचे शिवथरच्या खोऱ्यातले. खांबावर चढायला कधी घाबरले नाहीत. पावसात, वाऱ्यात, झाड तारांवर पडलेलं असताना माणसं म्हणायची, दत्तूला बोलवा. आणि चाळिशीत ह्यांना एकदम सायकलचं वेड लागलं. जाड टायरची, डोंगरातली सायकल. रविवारी पहाटे जब्बारभाईंच्या टेम्पोत सायकली टाकायच्या, वर महाबळेश्वरला जायचं आणि आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरायचं. बरोबर ऑफिसातले दोघे. जब्बारभाई ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, ते टेम्पो घेऊन मागून सावकाश यायचे.

सायकलला डिस्क ब्रेक होते, पण वायरचे. उतारभर आवळून धरावे लागायचे. आठवडाभर पक्कड धरणारे हात — पोलादपूरला पोहोचेपर्यंत बोटं अशी आखडायची की चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागे. ते मला बघवत नव्हतं. म्हणून हायड्रॉलिक ब्रेकचं मी मनावर घेतलं. वायरऐवजी नळीतलं तेल जोर पोहोचवतं, एका बोटानं सायकल थांबते. पास्कलचा नियम — दरवर्षी फळ्यावर काढते मी तो! दोन महिने वाचत होते. चकती किती मोठी हवी, दोन पिस्टनचे घ्यावेत की चार पिस्टनचे, पॅड कुठले. ह्यांना त्यातलं काही नको असायचं. म्हणायचे, “तू ठरव गो. तुला कळतं ते.”

मी ठरवलं. तेलाचाही विचार केला. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना मोटारसायकलचं ब्रेक ऑइल. मोटारसायकलचं तेल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून आपल्याकडची दमट हवा बघून मी मिनरलवाला सेट घेतला. आणि एकाच्या रबराला दुसरं तेल चालत नाही — हे मी माझ्या वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. लिहून ठेवलं होतं, हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

बसवलाही मीच. नळ्या लांब होत्या, त्या कापाव्या लागल्या, आत हवा शिरली. हवा काढून तेल भरायचं होतं. पडवीत बसले होते, कोपर लागलं आणि बरोबर आलेली छोटी बाटली फरशीवर आडवी झाली. उरलं ते बुडाशी. नवीन मागवली तर पाच-सहा दिवस. आणि रविवार परवावर. ह्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, ब्रेक आमच्या मॅडमनी बसवलेत म्हणून.

काय केलं असेल मी? बाजारात गेले, मोटारसायकलच्या पार्टच्या दुकानातून ब्रेक ऑइल आणलं, दोन्ही ब्रेकमध्ये भरलं. एका रविवारचा प्रश्न, मग काढून टाकू. लिव्हरवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फक्त मिनरल ऑइल. मी ते वाचलं. आणि भरलं.

तो रविवार छान गेला. हे दुपारी घरी आले ते हात उघडझाप करून दाखवतच. शेजाऱ्यांना दाखवलं, जब्बारभाईंना दाखवलं. “एका बोटानं थांबते, एका बोटानं!” त्या आठवड्यात खरी बाटली आली. मी ती स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवली. मग पेपर तपासायचे होते. मग पाहुणे होते. खरं सांगायचं तर — तेल बदलायला घेतलं असतं तर हे विचारणार, का गो, काय झालं? आणि मला म्हणावं लागलं असतं, चुकलं. एवढंच होतं हो ते. एवढंसं.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, हे पडवीतून म्हणाले, “लिव्हर लवकर परत येत नाय गो. दाबली की तिथंच ऱ्हाते जरा.” माझ्या मांडीवर पेपरांचा गठ्ठा होता. मी मान वर केली नाही. म्हटलं, “नवीन आहे. बसेल हळूहळू.” ह्यांनी पुढे विचारलं नाही. का विचारतील? मला कळतं ना त्यातलं.

रविवारी साडेआठला जब्बारभाईंचा फोन आला.

वळणावर सायकल सरळ गेली होती. कठड्यावर आपटून हे पलीकडच्या झुडपात. उजवा खांदा, कॉलरबोन, तीन बरगड्या. आधी महाड, मग मुंबईला ऑपरेशन. दोन दिवसांनी मी कपडे न्यायला घरी आले तर जब्बारभाई टेम्पोतून सायकल घेऊन आले होते. म्हणाले, “वहिनी, मी मागेच होतो. फार स्पीड नव्हता हो. ब्रेक एकदा कुणाला तरी दाखवायला पाहिजेत.” मी म्हटलं, बघू. ते गेले. मी पाना घेतला, मागच्या दारी बसून लिव्हर उघडली. आतली रबरं भिजत घातलेल्या वालासारखी फुगली होती. बोटांना तेल लागलं. बराच वेळ साबण लावून हात धूत होते, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याला हाक मारली. पूर्ण सायकल दिली, ब्रेकसकट. जब्बारभाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, मला ती डोळ्यांसमोर नको होती. त्यांचे डोळे भरले. माझ्याकडे बघून भरले, आणि मी ते भरू दिले.

तुम्हाला वाटेल, हाच गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. पण तेल, भंगार — हे सगळं मी आज ना उद्या बोलले असते, असं वाटतं. पुढचं मात्र...

ऑपरेशननंतर साधारण महिन्यानं, घरी. दुपारची वेळ. मी ह्यांना भात भरवत होते, हात गळ्यात बांधलेला. हे मध्येच थांबले. म्हणाले, “एक विचारू? मला आठवतं, मी दाबला ब्रेक. दोनी हातांनी दाबला. पार दांडीला टेकला.” मग म्हणाले, “पण दाबला असता तर थांबली असती ना? तू बसवलेला ब्रेक. मग मी दाबलाच नसंल का गो? घाबरून हात सुटला असंल?”

माझ्या हातात घास होता. समोर माणूस स्वतःची आठवण माझ्यासमोर धरून विचारत होता — खरी की खोटी, तू सांग. बाटली कपाटात होती, चार पावलांवर. मला फक्त बोलायचं होतं. कितीसे शब्द लागले असते?

मी म्हटलं, “नसेल दाबला. होतं असं, घाबरल्यावर.”

ह्यांनी मान हलवली. घास घेतला.

त्या दिवसापासून हे तसंच सांगतात. सासूबाईंना, ऑफिसात, जब्बारभाईंना. “ऐनवेळी हात सुटला माझा.” जब्बारभाई एकदा म्हणाले, नाही रे दत्तू, मी बघितलं ना. तर हे त्यांच्यावरच चिडले — मला माहीत हाय माझं. जब्बारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेले.

खांदा बरा झाला, तुम्हाला सांगते. पूर्ण नाही, पण झाला. वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, हळूहळू चढायला हरकत नाही. साहेबही म्हणाले, ये. सकाळी हे गेले, कमरेला पट्टा बांधला, खांबाखाली उभे राहिले आणि परत आले. घरी येऊन बूट काढताना म्हणाले, “ज्याला टायमाला ब्रेक दाबायचं सुचत नाय, तो वर तारांत काय करणार? माझ्यापायी दुसरा कोण मरायचा.” त्यानंतर परत गेले नाहीत. स्कूटर चालवत नाहीत. मी चालवते, हे मागे बसतात. बाजारातून येताना उतार लागला की माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चवदार तळ्यावर बसलो होतो, संध्याकाळी, गर्दी नव्हती. मी म्हटलं, अहो, ते ब्रेकचं... आणि हे लगेच म्हणाले, “तू कशाला मनाला लावून घेतेस? तू चांगलाच आणला होतास.” मी पर्स उचलली, म्हटलं, चला, उशीर झाला. आता सांगितलं तर काय होईल? चार वर्षं परत मिळतील? की माझ्यावरचा विश्वासही जाईल आणि हाती काहीच उरणार नाही? बघा, पुन्हा माझाच विचार आला. असंच होतं. सुरुवात त्यांच्यापासून करते आणि येऊन पोहोचते माझ्यापाशी.

गेल्या मंगळवारी कायम बैठ्या कामाचा अर्ज आला. ह्यांचं अक्षर खांद्यामुळे हल्ली वाकडं येतं, म्हणून मला म्हणाले, तू भर. नाव भरलं, हुद्दा भरला. खाली रकाना होता, कारण. मी विचारलं, काय लिहू, खांद्याची दुखापत? हे म्हणाले, “नको, खोटं कशाला? लिही, संकटाच्या वेळी स्वतःवर भरवसा नाही.”

मी लिहिलं. एकही काना-मात्रा न चुकता, स्वच्छ अक्षरात. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला, पेन हातात दिलं, आणि सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं.