ओल्हाबाईंचा अंक

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका लहानशा छापखान्यात धम्मशीला बावीस वर्षं अंकांना घड्या घालून पत्ते चिकटवत आली होती. त्यात एक युक्रेनियन पाक्षिक होतं. त्यातलं अक्षरही तिला वाचता यायचं नाही; पण पत्ते इंग्रजीत, त्यामुळे कोण कुठल्या गावचं हे तोंडपाठ.

संपादक हनात्यूक नव्वदीला टेकलेले. प्रुफं घेऊन बसनं यायचे आणि चहा पिता पिता सांगायचे, की महायुद्धानंतर निर्वासित होऊन आलेली तरुण मंडळी आठवडाभर वीटभट्ट्यांवर, गिरण्यांत राबायची आणि रविवारी चर्चमागच्या खोलीत सायक्लोस्टाइलवर हा अंक काढायची. "घरून पत्रं येत नव्हती," ते म्हणायचे, "मग आम्हीच एकमेकांना लिहिलं."

पुढे वाचणारे थकले, एकेक करून गेले, मुलं इंग्रजीत वाढली. दर अंकाला धम्मशीला दोन-चार लेबलं बाजूला काढू लागली. युक्रेनमध्ये नवं युद्ध पेटलं, मुलांना घेऊन बायका इकडे आल्या, तेव्हा हनात्यूक हुरूपानं कामाला लागले. पण त्या बायकांना बातम्या फोनवर मिळायच्या. गेल्या वर्षी हनात्यूक वारले आणि त्यांच्या मुलीनं पाक्षिक बंद केलं.

पंधरा दिवसांनी छापखान्यात फोन आला. ब्रॅडफर्डच्या ओल्हा कोवाल.

"माझा अंक आला नाही."

"बंद झाल्याचं शेवटच्या अंकात छापलं होतं ना?"

"वाचलं मी. तरी म्हटलं, विचारून बघावं."

धम्मशीलानं कोपऱ्यातल्या रद्दीच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून तिचंही घर गप्पच होतं. मुलगा इंद्रजित जवळच, ब्रॅकनेलला, पण रविवार आला की, "आई, धिस वीक जरा हेक्टिक आहे गं."

"जुने अंक आहेत," ती म्हणाली. "चालतील?"

"पाठवा."

मालकाला विचारून तिनं रद्दीतला एक अंक पाठवला. चार दिवसांनी पुन्हा फोन.

"यात माझ्या नवऱ्याचा फोटो आहे. नाताळात गातोय." मग त्यांनीच विचारलं, "पुढचा कधी?"

"पंधरा दिवसांनी. नेहमीसारखा."

तेव्हापासून हे सुरू झालं. हवा, गुडघे एवढं बोलून झालं की ओल्हाबाई एखादी जुनी बातमी आधी त्यांच्या भाषेत वाचायच्या, मग इंग्रजीत सांगायच्या. धम्मशीला दोन्ही ऐकून घ्यायची.

मार्चमध्ये तिनं धीर करून विचारलं, "तुम्हाला भेटायला येऊ का?"

"नको," ओल्हाबाई म्हणाल्या. "कुणी येऊन गेलं की नंतरचे दिवस मला फार जड जातात. तुम्ही अंकच पाठवत जा."

धम्मशीला बरं म्हणाली. ब्रॅडफर्डला जायची, लंडनला बदलायची गाडी तिनं आधीच बघून ठेवली होती. तिचं तिकीट मात्र काढलं नाही.